चतुर छाप

मास्तरांनी छातीशी दोन्ही तळवे जोडले की नवखा माणूस घाईघाईनं उलट नमस्कार करायचा आणि तिथंच फसायचा. कारण मास्तर नमस्कार करत नसत. जोडलेले तळवे तसेच समोर धरून ते म्हणत, "ही टाचणी." मग दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत सपाट पसरून, "आणि हा चतुर. सांगा, फरक काय?" समोरचा बिचारा आपले नमस्काराचे हात आता कुठं ठेवावेत या विवंचनेत असे. मास्तर त्याला फार वेळ देत नसत. "उडताना काय बघता? उडताना सगळेच सारखे. बसल्यावर बघा!"

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेलच. कुणाला पंचांगाचा नाद असतो, कुणाला नाटकाचा, कुणाला दुसऱ्याच्या घरच्या भांडणांचा. आमच्या मास्तरांना पाण्यावर भिरभिरणाऱ्या किड्यांचा नाद होता. नाद निरुपद्रवी होता, असं आम्ही बरीच वर्षं समजत होतो.

ते आमच्या मिलमध्ये नक्षीमास्तर होते. लुगड्यांचे काठ, चादरींची फुलं आणि कापडावर चिकटवायची रंगीत तिकिटं त्यांच्या हातची. मी खाली गठ्ठा खात्यात. कापडाची घडी करायची, तिकीट डकवायचं आणि गठ्ठे बांधायचे हे आमचं काम. मिलच्या चाळीत आमच्या खोल्या समोरासमोर होत्या. त्यामुळं भोंगा झाल्यावर माणसं मिलमधून सुटत, मी मात्र मास्तरांच्या हातून सुटत नसे.

हे वेड त्यांना लावलं मिलमधल्या एका इंग्रज विव्हिंग मास्तरानं. सोलापूरच्या उन्हात त्या साहेबाला करमणुकीचं दुसरं साधन नव्हतं. रविवारी तो आमच्या मास्तरांना घेऊन सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाई. तो किडे पकडी, हे त्यांची चित्रं काढीत. पुढं साहेब विलायतेला गेला. जाताना टोपी नेली, जाळी नेली, वेड मात्र इथंच टाकून गेला.

मग तळ्याच्या पायऱ्यांवर मास्तरांची शाळा भरू लागली. विद्यार्थी म्हणजे आंघोळीला आलेले, धुणं धुणाऱ्या बाया आणि माशांना लाह्या टाकायला आलेले भाविक. "तो बघा दगडावर बसलाय. चारी पंख पसरून, जागा त्याच्या बापाची असल्यासारखा. तो चतुर. आता डोळे बघा, डोक्यावर एकमेकांना चिकटलेत. मागचे पंख बुडाशी रुंद. आणि ती लव्हाळ्यावरची बघा. सुतासारखं अंग, पंख पाठीवर मिटलेले, डोळे डोक्याच्या दोन टोकांना. तिला मी टाचणी म्हणतो." सबंध गाव दोघांनाही चतुरच म्हणत होतं आणि गावातली पोरं दोघांच्याही शेपटीला सारख्याच प्रेमानं दोरा बांधत होती. एकदा कपडे पिळता पिळता एक बाई म्हणाली, "पर मास्तर, दोगंबी डासच खात्यात की. मग झालं तर!"

मास्तर त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

बसल्यावर बघायचा नियम त्यांनी हळूहळू माणसांनाही लावला. नवा मॅनेजर आला. सगळे त्याच्या विलायती सुटाचं कौतुक करत होते. मास्तरांनी तो खुर्चीत बसेपर्यंत वाट पाहिली. त्यानं दोन्ही हात दोन खुर्च्यांच्या पाठींवर पसरले तेव्हा मास्तर माझ्या कानात म्हणाले, "चतुर. आता बाकीच्यांना उभं राहायची सवय करावी लागेल." महिनाभरात ऑफिसातली तीन स्टुलं कमी झाली.

चाळीतल्या एकानं त्यांना मुलीसाठी स्थळ बघायला जेऊरला नेलं. मुलगा गोरा, मॅट्रिक झालेला, बोलायला गोड. परत येताना गाडीत मुलीच्या बापानं विचारलं, "कसा वाटला मास्तर?" "बोलताना बरा वाटला. पण तो लोडावर कसा बसला ते पाहिलंत का? तुम्हाला चटईच्या कडेवर जागा मिळाली." मुलीचा बाप चिडला. लग्न झालं. जावई पहिल्या दिवाळसणाला आला तो संक्रांतीपर्यंत हलला नाही.

"मास्तर, मी कोण?" मी एकदा विचारलं. त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं. "तुम्ही अजून बसलाच नाहीत हो," ते म्हणाले. मला ते बोलणं आठवडाभर लागलं होतं.

एका जातीनं मात्र त्यांना फार छळलं. ही टाचणीच, पण पंख मिटतही नाही आणि पुरते पसरतही नाही. अर्धे उघडे ठेवून बसते. "तिथं पंखांवर जाऊ नका. डोळे बघा, ते खोटं बोलत नाहीत," मास्तर बजावत. माणसांत ही जात कोणती, असं मी विचारल्यावर ते म्हणाले, "वकील."

त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, या सगळ्याकडे स्वयंपाकघरातून बघत. "दुसऱ्यांना बसल्यावर बघतात," त्या मला म्हणत, "स्वतः चित्र काढायला बसले की भाकरीचं वाळून लाकूड होतं, ते कोण बघणार?" पण नवऱ्यानं काढलेलं प्रत्येक तिकीट त्यांच्या लोखंडी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेलं होतं. नव्या कापडावरचं तिकीट ओल्या बोटानं कडेकडेनं हळूहळू भिजवायचं आणि अख्खं सोडवायचं, ही कला आमच्या चाळीतल्या सगळ्याच बायकांना येत होती. देवाचं तिकीट देव्हाऱ्यात जाई, बाकीची ट्रंकेत. वहिनींच्या ट्रंकेत हत्ती होता, नारळ होता, घड्याळ होतं आणि मधोमध चतुर छाप होती.

आता या चतुर छापेची कुळकथा सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिनंच केला.

आमच्या शेठजींनी नवं धोतर काढलं. त्याला चतुर छाप नाव द्यायचं त्यांनी ठरवलं. हलकं, पारदर्शक, चतुराच्या पंखासारखं, अशी त्यांची कल्पना. मास्तरांना स्वर्ग दोन बोटं उरला. त्यांनी पंख पसरलेला एक झकास चतुर काढून नेला. शेठजींनी तो पाहिला आणि कपाटातून कोऱ्या तिकिटांचा गठ्ठा काढून समोर टाकला. लांबट, अरुंद कागद. कुठल्याशा उदबत्तीसाठी छापायला आणले होते आणि पडून होते.

"यात बसवा," शेठजी म्हणाले.

"बसणार नाही. पंख बाहेर जातात."

"मग मिटवा पंख."

"शेठजी, चतुर पंख मिटत नाही."

"तिकिटावर मिटेल. पगार मी देतो."

दुसरा कुणीही असता तर त्यानं चतुराचे पंख मिटवून दिले असते. लुगड्याच्या काठावर मोराला बदकाचे पाय देणारे, कोयरीला पान फोडणारे आमचे मास्तर. पण या बाबतीत त्यांचा हात चालेना. दोन दिवस ते घुम्यासारखे बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुळातच जी पंख मिटून बसते ती टाचणी काढली. निळी, नाजूक, लव्हाळ्याच्या पात्यावर बसलेली, डोळे दोन टोकांना. अरुंद कागदात ती अशी बसली की जणू कागद तिच्यासाठीच कापला होता. शेठजी खूश झाले. खाली ठसठशीत अक्षरात 'चतुर छाप' छापून घेतलं.

"अहो, हे नाव..." मास्तर म्हणाले.

"नाव माझं, चित्र तुमचं," शेठजी म्हणाले आणि विषय संपला.

धोतर तुफान खपलं. खेड्यातलं गिऱ्हाईक वाचत नाही, चित्र बघतं. पण मास्तरांना प्रत्येक गठ्ठा जाताना बघवत नसे. माझ्या टेबलाशी येऊन ते तिकिटावर बोट ठेवत आणि म्हणत, "चित्र खरं आहे हो. खालचं नाव तेवढं खोटं आहे." मी म्हणे, "मास्तर, धोतर नेसणारा वर बघतो की खाली?" ते हसत नसत.

सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून दोनेक वर्षं झाली असतील. गाव जरा सावरलं होतं, धंदे पुन्हा उभे राहत होते. तेवढ्यात पलीकडच्या पेठेतल्या एका कारखानदारानं आपलं धोतर बाजारात आणलं. त्याचं नावही चतुर. त्याच्याकडे रुंद कागद होता. त्यामुळं त्याच्या तिकिटावर पंख पसरलेला, डोळे चिकटलेला, खराखुरा चतुर होता. मास्तरांनी ते तिकीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "कुणी काढलंय? हात चांगला आहे." शेठजींनी तेच तिकीट पाहिलं आणि दावा ठोकला. आमची छाप चोरली, गिऱ्हाईक फसवलं.

दाव्यात मास्तरांची साक्ष लागणार होती, कारण चित्र त्यांनी काढलेलं. शेठजींनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "मास्तर, तुम्हाला फार बोलायचं नाही. हे चित्र मी काढलं आणि हे चतुराचं आहे. बास. त्यांचा वकील विचारेल कशाचं चित्र, तर एकच शब्द. चतुर." शेठजी पुढं म्हणाले, "तुमची खोली मिलचीच आहे ना? पावसाळ्याआधी कौलं शाकारून देतो."

धमकी अशी कौलांतून आली. पण वहिनींना ती बरोबर कळली. साक्षीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. मास्तर भिंतीला टेकून शेंगाचटणी न लावताच कोरडी भाकरी चावत होते.

"तुम्ही तरी सांगा ह्यांना," वहिनी मला म्हणाल्या. "एकदा म्हणा हो, चतुर. सारं गाव म्हणतंय, तुमच्यानं म्हणवत नाही? देवाला काय कळणार आहे?"

"देवानंच तर वेगळे केलेत," मास्तर म्हणाले.

"आणि खोली गेली म्हणजे? या वयात कुठं बिऱ्हाड हलवायचं?"

मास्तरांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाले, "जन्मभर नक्षी काढली. नक्षीत सगळं चालतं. पण त्या एकीला मी समोर बसवून काढलंय. तिला दुसऱ्याच्या नावानं हाक मारायची, ती पण शपथेवर?" वहिनी उठून आत गेल्या. मला मास्तरांचा राग आला. खरं सांगतो, अजूनही थोडा येतो.

कोर्टात आधी आमच्या वकिलांनी मंद्रूपचा एक शेतकरी उभा केला. पागोटं सावरत तो पिंजऱ्यात आला. त्याच्या हातात दोन्ही तिकिटं दिली.

"हे चित्र कशाचं?"

"चतुराचं."

"आणि हे?"

"ह्योबी चतुरच की."

विरुद्ध बाजूचे वकील उठले. "नीट बघून सांगा. दोघांत काही फरक दिसतो?"

त्यानं दोन्ही तिकिटं उजेडाला धरली. "दिसतोय की. ह्यो लई वाळलाय. दुष्काळातला असंल."

"मग दुकानात तुम्ही मागता काय?"

"चतुराचं धोतर द्या म्हनतो. त्यो देतोय, आमी नेसतोय. धोतर घ्यायला जायाचं का पंख मोजायला, सायेब?"

मग मास्तर. इस्त्रीचा कोट, हातात पिशवी. ईश्वरसाक्ष खरं सांगेन, हे शब्द त्यांनी इतके सावकाश उच्चारले की शेठजींनी तिथंच डोळे मिटले. विरुद्ध बाजूच्या वकिलांना सगळं ठाऊक होतं. ते रविवारी तळ्यावर फिरायला येत आणि मास्तरांनी त्यांनाही मोठ्या हौसेनं फरक शिकवला होता.

"हे चित्र तुम्ही काढलंत?"

"होय."

"कशाचं आहे?"

कोर्टातला पंखा करकरत होता. मास्तरांनी एकदा शेठजींकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"टाचणीचं," ते म्हणाले.

जज्जसाहेबांनी लेखणी थांबवली. त्यांना साक्ष इंग्रजीत उतरवून घ्यायची होती. "टाचणी म्हणजे? इंग्रजीत काय?"

"डॅमसेलफ्लाय, साहेब."

"डॅमसेल म्हणजे कुमारिका," जज्जसाहेब स्वतःशीच पुटपुटले. मागच्या बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "पुरुषाच्या धोतरावर?" कोर्ट हसलं. शेठजींचा चेहरा मात्र धुतलेल्या मांजरपाटासारखा झाला.

"चतुरात आणि हिच्यात फरक काय?" जज्जसाहेबांनी विचारलं. ही चूक अनेकांनी केली होती, पण आजवर कुणी न्यायासनावरून केली नव्हती. मास्तरांनी तळवे जोडले. जज्जसाहेबांनी सवयीनं मान लववली. मग मास्तरांनी हात पसरले, ते पिंजऱ्याच्या कठड्यावर आपटले. "उडताना सगळेच सारखे, साहेब. बसल्यावर बघायचं. मी पुरावा आणलाय."

पिशवीतून त्यांनी काचेची बरणी काढली. तोंडाला मलमल बांधलेली. सकाळी तळ्यावरून दोघांना एकेक पकडून आत घातलं होतं. बरणी न्यायासनासमोर ठेवली गेली. सगळे वाकून बघू लागले. आत एकच किडा होता. काडीवर पंख पसरून, अगदी निवांत, जबडा हलवत बसलेला. बरणीच्या तळाशी चार बारीक पंख पडले होते.

"दुसरी कुठं आहे?" जज्जसाहेबांनी विचारलं.

मास्तर वाकले, त्यांनी चष्मा सारखा केला. वाईट त्यांना नक्कीच वाटलं असेल. पण ते म्हणाले, "हे पंख बघा, साहेब. पुढचे आणि मागचे अगदी एकसारखे. म्हणजे टाचणीच होती."

आमचे वकील ताडकन उठले. "प्रतिवादीनं वादीचा धंदा कसा गिळला, हे कोर्टानं डोळ्यांनी पाहिलं आहे!" सगळा निकाल आपल्या त्या एका वाक्यानं लागला, असं ते पुढं जन्मभर सांगत.

निकाल आमच्या बाजूनं लागला, पण लागला त्या मंद्रूपच्या शेतकऱ्यामुळं. गिऱ्हाईक किड्याचे डोळे बघत नाही, कोर्टाला गिऱ्हाइकाचे डोळे बघावे लागतात, असा काहीसा जज्जसाहेबांचा अभिप्राय पडला. प्रतिवादीनं ते नाव आणि ते तिकीट वापरू नये, असं ठरलं. म्हणजे सोलापुरात टाचणी कायद्यानं चतुर झाली आणि खऱ्या चतुराला स्वतःला चतुर म्हणवून घ्यायची मनाई झाली. मास्तर खरं बोलले काय, खोटं बोलले काय, निकालात काडीचा फरक पडला नसता.

फरक मास्तरांना पडला. शेठजींनी मिलभर पेढे वाटले. मास्तरांना पेढा केबिनमध्ये बोलावून दिला. "तुम्ही खरं बोललात, मला राग नाही," ते म्हणाले. "पण खरं बोलणाऱ्या माणसानं तिकिटं काढू नयेत. दोघांचंही नुकसान होतं." नोकरी गेली, आणि महिनाअखेरीस खोलीही रिकामी करायची होती. कौलं शाकारायचा प्रश्नच उरला नाही.

ते दोघं शहराच्या कडेला एका पत्र्याच्या खोलीत राहायला गेले. सामान हलवताना ट्रंक मीच उचलली होती. वहिनी मास्तरांशी बोलत नव्हत्या. "एक शब्द," त्या मला म्हणाल्या, "एक शब्द जड झाला ह्यांना. आता ही ट्रंक हलकी वाटते का विचारा." मास्तर पुढं चालत होते. वाटेत डबक्याशी थांबले, वाकले आणि तिथंच राहिले. वहिनी न थांबता पुढं गेल्या.

मास्तर दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. तिथंही तेच. एका बिडीवाल्यानं वाघ काढायला सांगितला. "मी वाघ बसलेला पाहिलेला नाही," म्हणून यांनी काम परत केलं. भेटायला गेलो की वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणत, "या. आमच्या हरिश्चंद्राला बघायला आलात?" त्यांचा राग गेला नव्हता आणि जाऊही नये, असं मला वाटे. उपास त्यांनाही घडत होते, फक्त व्रत त्यांचं नव्हतं.

एका पावसाळ्याच्या अखेरीस मास्तर हिवतापानं गेले. तळ्यावर तेव्हा चतुर आणि टाचण्या मायंदाळ असतात, आणि डास त्यांना पुरून उरतात.

सकाळी आम्ही चाळीतली चार माणसं पोचलो. शेजारचा एकजण पेठेतून घाईघाईनं नवं कापड घेऊन आला. त्यानं घडी उलगडली. पांढऱ्या धोतराच्या कोपऱ्यावर लांबट, अरुंद तिकीट होतं. निळी टाचणी, लव्हाळ्याचं पातं, खाली ठसठशीत 'चतुर छाप'. त्या माणसाला काही ठाऊक नव्हतं. दुकानदारानं चांगलं म्हणून दिलं, त्यानं घेतलं. मी तिकीट ओरबाडायला हात पुढं केला.

"थांबा," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी तांब्या ओढून घेतला. बोट बुडवलं आणि तिकिटाच्या खालच्या कडेवरून हळूहळू फिरवू लागल्या. मला वाटलं, अख्खं सोडवून ट्रंकेत ठेवणार. पण त्यांचं बोट वर सरकेना. ते नुसतं अक्षरांवरून पुन्हा पुन्हा फिरत होतं. कागद फुगला, अक्षरं सुटली, त्यांच्या वळ्या होऊन निघाल्या. खालची पट्टी कोरी झाली तेव्हा त्यांनी हात थांबवला.

"वहिनी, वरचंही काढायचं ना?" मी विचारलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "चित्र बरोबर आहे."

मग त्यांनी पदराला बोटं पुसली, आणि आम्ही ते कापड मास्तरांवर पसरलं.